पैसे कोणापाशी ठेवले?

रॉबर्ट रॉसेनचा ‘द हसलर’ हा सिनेमा मी आतापर्यंत चार वेळा पाहिलाय. तीन वेळा पुण्यात, एकट्यानं, लॅपटॉपवर. चौथ्यांदा गेल्या दिवाळीत ढाणकीला, माझ्या चुलतभावासोबत, मोबाइल पाण्याच्या तांब्याला टेकवून. या लेखात जे काही आहे ते बहुतेक चौथ्या वेळेस सुचलेलं आहे, आणि त्यातलं निम्मं त्याचं आहे.

ढाणकी म्हणजे यवतमाळ जिल्ह्यात, उमरखेड तालुक्यातलं बाजाराचं गाव. कापूस, सोयाबीन, हळद. पैनगंगा ओलांडली की नांदेड जिल्हा. पूल किंवा स्नूकरचं टेबल मी ढाणकीत कधी पाहिलं नाही. हिरव्या कापडाचं पहिलं टेबल पाहिलं ते नांदेडला इंजिनिअरिंगला गेल्यावर. ढाणकीत होता कॅरम. पानटपरीमागच्या टिनाच्या शेडमध्ये दोन बोर्ड, वर लोंबकळणारा एकेक बल्ब, आणि बोरिक पावडरचा डबा. तिथं माझा चुलतभाऊ, आमचा दादा, पैशांवर खेळायचा. त्याच्याइतका चांगला खेळणारा मी आजवर समोर बसून पाहिलेला नाही.

म्हणून त्याला हा सिनेमा दाखवायचा होता. दादाला इंग्रजी येत नाही. मी पॉज करून करून सांगत होतो. एडी फेल्सन (पॉल न्यूमन) आणि त्याचा जोडीदार चार्ली गावोगाव फिरतात, विक्रेते असल्याचं सोंग करतात, आधी मुद्दाम वाईट खेळतात, मग पैज वाढली की खरं खेळतात. याला म्हणायचं हसलिंग. दादा म्हणाला, “हे सांगाची गरज नाही. पुढं चालव.”

पुढे एडी न्यूयॉर्कमधल्या एम्स नावाच्या पूल हॉलमध्ये मिनेसोटा फॅट्सला (जॅकी ग्लीसन) आव्हान द्यायला येतो. खेळ ठरतो, दोन्हीकडचे पैसे एका माणसाच्या हातात जातात. दादानं तिथं पहिला प्रश्न विचारला.

“पैसे कोणापाशी ठेवले?”

मी तीन वेळा सिनेमा पाहिला होता, हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता.

*

उत्तर फार मजेशीर आहे. सिनेमात ज्याच्या हातात पैसे दिले जातात तो गप्प माणूस म्हणजे विली मॉस्कोनी. १९४१ ते १९५७ या काळात पंधरा वेळा स्ट्रेट पूलचा जगज्जेता. १९५४ साली ओहायोतल्या स्प्रिंगफील्ड इथं एका प्रदर्शनीय सामन्यात त्यानं न चुकता सलग ५२६ चेंडू खिशात घातले होते. रॉसेननं त्याला तांत्रिक सल्लागार म्हणून घेतलं. न्यूमनला खेळ शिकवायचं काम त्याचं, आणि पडद्यावर जे अवघड फटके दिसतात त्यातल्या काहींमागचे हातही त्याचेच. चेहरा न्यूमनचा, हात मॉस्कोनीचे. आणि स्वतः मॉस्कोनी चेहऱ्यासह जिथं दिसतो, तिथं तो दुसऱ्यांचे पैसे धरून उभा आहे. त्या खोलीतला सगळ्यात मोठा खेळाडू खेळत नाहीये.

हे दादाला सांगितलं तर तो हसला. “चांगल्या खेळनाऱ्याच्या हातात पैसे असेच येतात. दुसऱ्याचे.”

‘द हसलर’ आला १९६१ साली, वॉल्टर टेविसच्या १९५९ च्या कादंबरीवरून. नऊ ऑस्कर नामांकनं मिळाली, दोन पुरस्कार: कृष्णधवल छायाचित्रणासाठी आणि कलादिग्दर्शनासाठी. त्यावर भरपूर लिहिलं गेलं आहे, आणि बहुतेक लिखाणाचा सूर एकच: हा पूलचा सिनेमा नाहीच, हा माणसाच्या कॅरेक्टरचा सिनेमा आहे. एडीकडे प्रतिभा आहे पण कणा नाही, म्हणून तो हरतो. प्रेयसीच्या मृत्यूनंतर त्याला कणा सापडतो, म्हणून तो जिंकतो.

मीही हेच मानत होतो. पण या सिनेमात ‘कॅरेक्टर’चा सिद्धांत मांडतो कोण, ते बघा. बर्ट गॉर्डन मांडतो. जॉर्ज सी. स्कॉटनं केलेला हा बर्ट जुगारी आहे, स्वतः पूल खेळत नाही, खेळणाऱ्यांवर पैसे लावतो. एडी पंचवीस तासांहून जास्त वेळ खेळून, अठरा हजार डॉलरनं पुढे असूनही, शेवटी दोनशे डॉलरवर येऊन कोसळतो, तेव्हा बर्ट बघत बसलेला असतो. नंतर तो एडीला समजावतो की तुझ्यात टॅलेंट आहे, कमी आहे ती कॅरेक्टरची. आणि मग अट घालतो: पैसे मी लावीन, जिंकलेल्यातले पंचाहत्तर टक्के माझे, पंचवीस तुझे.

दोन्ही गोष्टी एकाच बैठकीत होतात. तुझ्यात काहीतरी कमी आहे, आणि म्हणून तुझा वाटा पंचवीस टक्के. नोकरी करणाऱ्या कुणालाही हे संभाषण ओळखीचं वाटेल. आमच्या धंद्यात वर्षाच्या शेवटी एक बैठक होते. त्यात काम उत्तम आहे, पण ‘ॲटिट्यूड’मध्ये थोडी सुधारणा हवी, असं सांगतात, आणि मग पगारवाढीचा आकडा सांगतात. माझ्या एका तासाचे ग्राहकाकडून किती घेतले जातात, तो आकडा मात्र त्या बैठकीत कधी येत नाही.

म्हणजे कॅरेक्टर हा बर्टचा सिद्धांत आहे, आणि पंचाहत्तर टक्के घेणाऱ्याला तो सोयीचा आहे. सिनेमाची अडचण अशी की रॉसेनला बर्ट खलनायक आहे हे पक्कं माहीत आहे, पण त्याचा सिद्धांत मात्र तो अर्धामुर्धा स्वीकारतो. शेवटच्या खेळाच्या वेळी खुद्द एडीच म्हणतो की लुईव्हिलच्या हॉटेलच्या खोलीत त्याला कॅरेक्टर मिळालं. त्या खोलीत साराने (पायपर लॉरी) जीव दिलेला असतो. टेविसच्या कादंबरीत सारा मरत नाही. सिनेमानं तिला मारलं, कारण प्रतिभा आणि विजय यांच्या मधली फट कशानं तरी भरायची होती. मला हा या थोर सिनेमातला सगळ्यात कमजोर दुवा वाटतो. एका बाईच्या मरणानं कुणाचा पूलचा हात सुधारत नाही.

*

दादाला सारा फारशी भिडली नाही. लुईव्हिलमधला एक प्रसंग मात्र त्यानं परत लावायला सांगितला. श्रीमंत यजमानाच्या घरी एडी खेळायला उतरतो आणि टेबल पाहून चपापतो, कारण त्या टेबलाला खिसेच नसतात. तो बिलियर्ड्सचा प्रकार असतो; चेंडू चेंडूंवर आपटवायचे, घालायचे कुठेच नाहीत. इंग्रजीत या प्रकाराला ‘कॅरम’ म्हणतात. आपल्या बोर्डाचं नावही याच कुळातलं आहे असं मी सांगितल्यावर दादानं खिसे नसलेल्या टेबलाकडे बराच वेळ पाहिलं. “मग खेळ संपते कधी?” असं विचारलं.

पण त्याचा खरा प्रसंग वेगळा. पहिल्या लांबलचक खेळात रात्र उलटून गेलेली असते. एडी प्यालेला, शर्ट बाहेर, आवाज चढलेला. फॅट्स हरत असतो. आणि मध्येच फॅट्स उठतो, तोंड-हात धुतो, हातांना पावडर लावतो, कोट नीट करतो आणि परत टेबलाशी येतो. जणू आत्ताच दुकान उघडलं. बस, तिथून खेळ फिरतो.

दादा म्हणाला, “हा खरा खेळनारा हाय. बाकीचे नुसते हातवारे करून राह्यले.”

व्यावसायिक खेळाडू म्हणजे काय, याचं याहून नेमकं चित्र मला सिनेमात दुसरीकडे सापडलेलं नाही. फॅट्सबद्दल आपल्याला काहीही सांगितलं जात नाही. घर, बायको, भूतकाळ काही नाही. तो रोज रात्री आठ वाजता येतो एवढंच. ड्यूटीवर यावं तसा. ग्लीसन स्वतः चांगला खेळायचा, त्यामुळे कॅमेऱ्याला त्याचे हात लपवावे लागत नाहीत. सिनेमास्कोपच्या आडव्या पडद्यावर टेबल शेतासारखं पसरलेलं आणि त्याभोवती हा जाडा माणूस कमालीच्या हलक्या पावलांनी फिरतो. न्यूमनच्या चेहऱ्यावर सिनेमा घडतो, ग्लीसनच्या मनगटात खेळ घडतो.

खेळाचा प्रकारही इथं महत्त्वाचा आहे. ‘द हसलर’मधला खेळ स्ट्रेट पूल: कोणता चेंडू कोणत्या खिशात घालणार ते आधी ठरवून सांगायचं, प्रत्येकाचा एक गुण, टेबलावर एकच उरला की बाकीचे चौदा पुन्हा मांडायचे आणि तसंच पुढे चालू ठेवायचं. चुकेपर्यंत तुमचीच पाळी. समोरचा नुसता बसून बघतो. त्यामुळे या सिनेमातला सगळा ताण बसलेल्या माणसाचा आहे. एकट्यानं आपल्या हरण्याकडे बघत बसणं ही या खेळाची अर्धी नोकरी आहे.

आणि फॅट्सही कुणाच्या तरी खिशात आहे. शेवटच्या प्रसंगात एडी वाटा द्यायला नकार देऊन निघतो, बर्ट त्याला पुन्हा कुठल्याही मोठ्या पूल हॉलमध्ये पाय ठेवू नकोस म्हणून बजावतो. या सगळ्या वेळात फॅट्स खुर्चीत बसून आहे. तो फारसं बोलत नाही. एडी बाहेर जातो, फॅट्स जात नाही. पुन्हा आठ वाजता यायचं असतं.

*

आता माझी गोष्ट सांगायला हवी, कारण ती न सांगता बर्टबद्दल एवढं लिहिणं लबाडी होईल.

ढाणकीच्या त्या शेडमध्ये पैसे माझ्यापाशी असायचे. मी अकरावी-बारावीत होतो, गणित चांगलं होतं, आणि पोरगा हुशार आहे, इंजिनिअर होणार, म्हणून दोन्ही बाजूंचा माझ्यावर विश्वास होता. बोर्डामागे पन्नास, कधी शंभर. हंगामात सोयाबीनचे पैसे गावात फिरायला लागले की पाचशेपर्यंत. उमरखेडहून, पलीकडच्या हिमायतनगरहून पोरं यायची. कुणाशी खेळायचं, कुणाला पहिले दोन बोर्ड जिंकू द्यायचे, हे मी ठरवायचो. दादा फक्त खेळायचा. हिशेबाचे म्हणून दर पन्नासातले दहा मी ठेवायचो. दादानं कधी विचारलं नाही.

बारावीची परीक्षा झाल्यावरच्या उन्हाळ्यात, पेरणीच्या तोंडावर, बाहेरून आलेल्या एकाशी खेळ लागला. दादाच्या खिशात बियाण्याचे चार हजार होते. पहिले काही बोर्ड तो जिंकला. मग समोरच्याचा हात बसला. आठशे गेल्यावर दादा म्हणाला, “इथंच थांबू.” मी म्हणालो, “काऊन थांबतं? दमला तो. अजून एक.” तसे अजून सहा झाले. तीन हजार दोनशे गेले. माझ्या खिशात आधीच्या बोर्डांचे सहाशे रुपये होते, ते मी काढले नाहीत. नांदेडला हॉस्टेलच्या मेसचा पहिला ॲडव्हान्स भरला त्यात ते होते. त्या रात्री दादा हरला, मी हरलो नाही.

‘द हसलर’मध्ये चार्ली थांब म्हणतो आणि एडी ऐकत नाही; म्हणून दोष एडीच्या कॅरेक्टरचा ठरतो. आमच्याकडे उलट होतं. थांबायची अक्कल खेळणाऱ्याला होती. सिनेमानं मला वर्षानुवर्षं असं समजायला मदत केली की दादात काहीतरी कमी होतं, म्हणून तो ढाणकीत राहिला आणि मी पुण्यात आलो. आज तो मालवाहू गाडी चालवतो. त्याच्या हातात काही कमी नव्हतं. मनातही नव्हतं.

*

स्कॉर्सेसीच्या ‘द कलर ऑफ मनी’बद्दल (१९८६) थोडक्यात. पंचवीस वर्षांनी न्यूमन पुन्हा एडी झाला आणि या वेळी ऑस्कर मिळालं. हा एडी दारू विकतो, आणि व्हिन्सेंट नावाच्या तरुण खेळाडूला (टॉम क्रूझ) हेरून त्याच्यावर पैसे लावतो, फिरवतो, मुद्दाम हरायला शिकवतो. समीक्षकांनी याला आधीच्या सिनेमापुढे डावं मानलं. मला एका बाबतीत तो जास्त प्रामाणिक वाटतो. पहिल्या सिनेमात एडी ताठ मानेनं दाराबाहेर जातो. दाराबाहेर काय होतं ते दुसरा सिनेमा सांगतो. बाहेर बर्ट व्हायची जागा रिकामी होती.

खेळही बदललाय. इथं नाइन-बॉल आहे: टेबलावरचा सगळ्यात लहान आकड्याचा चेंडू आधी मारायचा, नऊ नंबरचा पडला की खेळ संपला. झटपट, नशिबाला जास्त वाव, पैजेला सोयीचा. स्कॉर्सेसीचा कॅमेरा त्याच गतीनं गरगरतो, फटके नाचासारखे कापले जातात. बघायला झकास, पण बसलेला माणूस हरवला. व्हिन्सेंट कधी कुणाची पाळी संपायची वाट बघतोय असं वाटतच नाही.

खऱ्या जगात काय झालं ते या दोन्ही सिनेमांहून विचित्र आहे. रुडॉल्फ वांडरोन नावाच्या एका बोलघेवड्या हसलरनं ‘द हसलर’ आल्यानंतर मिनेसोटा फॅट्स हे नाव घेतलं, ते पात्र आपल्यावरूनच केलंय असं सांगत सुटला. टेविसनं ते नाकारलं. काही उपयोग झाला नाही. वांडरोन अमेरिकेतला सगळ्यात प्रसिद्ध पूल खेळाडू झाला. १९७८ साली टीव्हीवर मॉस्कोनी विरुद्ध वांडरोन सामना झाला. मॉस्कोनी जिंकला. लोकांना आवडला फॅट्स. आणि फिलिपिन्सचा एफ्रेन रेयेस १९८५ मध्ये अमेरिकेत पहिल्यांदा खेळायला आला, तो सीझर मोरालेस या खोट्या नावानं, कारण त्याचं नाव आधीच पोचलं होतं, चेहरा नव्हता. पुढे १९९९ साली तो नाइन-बॉलचा जगज्जेता झाला. एकानं दुसऱ्याचं नाव घेऊन पैसे मिळवले, दुसऱ्यानं स्वतःचं लपवून.

*

आपल्याकडे या गोष्टीला दोन दारं आहेत. एक जिमखान्याचं. स्नूकरचा जन्मच १८७५ चा, जबलपूरच्या लष्करी मेसमधला. पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स १९५८ साली कलकत्त्यात बिलियर्ड्सचे जागतिक हौशी विजेते झाले. मुंबईच्या मायकेल फरेरांनी पद्मश्री नाकारली, कारण गावसकरांना पद्मभूषण मिळालं होतं. पुढे त्यांनाही ते मिळालं. हौशी हा तिथं मानाचा शब्द. पैशाचं नाव काढायचं नाही.

दुसरं दार अड्ड्याचं, आणि त्यावर आपल्याकडे एक सिनेमा आहे: चंदन अरोरांचा ‘स्ट्रायकर’ (२०१०). मालाडच्या मालवणी वस्तीतला सूर्यकांत सारंग (सिद्धार्थ) लहानपणी कॅरमचा ज्युनिअर विजेता असतो. मोठेपणी दुबईच्या नोकरीसाठी धडपडतो, बोगस एजंटाकडून लुबाडला जातो, आणि बालमित्र झाईदमार्फत (अंकुर विकल) कॅरमच्या सट्ट्यात ओढला जातो. वस्तीवर राज्य जलीलचं (आदित्य पांचोली). सिनेमा पुढे ९२-९३ च्या दंगलीत आणि सूडात शिरतो, आणि बोर्ड मागे पडतो, ही माझी मोठी तक्रार. पण एक गोष्ट त्याला हॉलिवूडहून चांगली कळलीय. सूर्यकांतला कॅरेक्टर कमी आहे असं इथं कुणी म्हणत नाही. त्याला नोकरी नाही, एवढंच आहे. ज्युनिअर विजेतेपद आणि सट्टा यांच्या मध्ये एक नोकरी होती, ती मिळाली नाही.

महाराष्ट्रात कॅरमच्या स्पर्धांचे निकाल पेपरात वाचून बघा. खेळाडूच्या नावापुढे कंसात संस्था असते: रिझर्व्ह बँक, आयुर्विमा महामंडळ, जैन इरिगेशन. तो कंस म्हणजे आपला व्यावसायिक खेळाडू. कार्यालयात हजेरी, स्पर्धेला सुट्टी, म्हातारपणी पेन्शन. पंकज अडवाणीसारखा, पुण्यात जन्मलेला, जागतिक किताबांची रास असलेला खेळाडू २०१२ मध्ये व्यावसायिक स्नूकरच्या दौऱ्यावर गेला आणि २०१४ मध्ये सोडून परत आला. त्याच्याही नावापुढे कंसात पेट्रोलियम मंडळ असतं. कंसात थरार नाही, म्हणून त्यावर सिनेमा होत नाही. पण बर्टला आपल्याकडे सापडलेलं खरं उत्तर तेच आहे. ते ढाणकीपर्यंत पोचलं नाही, ही वेगळी गोष्ट.

*

सिनेमा संपला तेव्हा रात्रीचा एक वाजला होता. एडीनं पैसे न देता निघून जाणं दादाला पटलं नाही. “बिचाऱ्या त्या जाड्याले कोणी काही विचारलंच नाही,” म्हणाला.

मग त्यानं माळ्यावरचा बोर्ड काढला. पावडर नव्हती, घरातली टाल्कम टाकली. तीन-चार वर्षांनी खेळत होता, पहिले दोन स्ट्रायकर वाकडे गेले, नंतर नाही. मी बसून बघत होतो. राणी आणि तिचं कव्हर त्यानं असं घेतलं की आवाजसुद्धा आला नाही.

त्या सहाशेंबद्दल मी तेव्हा सांगितलं. दहा वर्षांनी. तो गोट्या मांडत होता. म्हणाला, “मले माहीत होतं. गुपचूप ठेवले तू. मेस भरायची होती ना?” मग म्हणाला, “चाल, पन्नास लावतं?”

मी नको म्हणालो. मला वाटलं पैसे नसले की खेळ स्वच्छ होईल. दोन्ही अमेरिकन सिनेमे शेवटी हेच सांगतात.

“मग कोन पाहीन?” दादा म्हणाला.

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. ती गर्दी, तो बल्ब, हिमायतनगरहून मोटारसायकलवर आलेली पोरं, ती सगळी पैशांसाठी आली होती, आणि त्यांच्यामुळेच त्याचा खेळ कुणीतरी पाहिला होता. जगातल्या दुसऱ्या कुणी तो पाहिला नाही. पैजेनं त्याला लुबाडलं आणि पैजेनंच त्याला प्रेक्षक दिला. रॉसेनच्या सिनेमात या वाक्याला जागा नाही, फक्त कोट नीट करून परत येणाऱ्या फॅट्सला ते माहीत असावं.

मी पन्नासची नोट काढली. त्यानं त्याची काढली. दोन्ही त्याच्याकडे दिल्या. त्यानं त्या तांब्याखाली ठेवल्या आणि म्हणाला, “ब्रेक तुझा.”